दर्शनाला येऊन जाते

गणपतीच्या दिवसांत मी जितक्या अनोळखी घरांत मोदक खाल्लेत, तितक्या डोंबिवलीत दुसऱ्या कुणी खाल्ले असतील असं मला वाटत नाही. चेष्टा नाही करत. माझी नोकरीच तशी होती. आमच्या शेजारच्या वहिनी दर वर्षी विचारायच्या, की असली गोड खायची नोकरी मिळते तरी कुठे, आणि मी दर वर्षी हसून वेळ मारून न्यायचे. आता निवृत्त झाले, दिवाळी अंकासाठी लिही म्हणून मागणी आली, तेव्हा म्हटलं सांगून टाकावं एकदाचं.

कल्याणच्या एका कॉलेजात 'कम्युनिटी कॉलेज' नावाचा विभाग होता. अजूनही आहे. नाव भारदस्त, पण गोष्ट साधी. ज्यांचं शिक्षण कुठेतरी मधेच सुटलं, दहावीत, बारावीत, लग्नापायी, घरातल्या आजारपणापायी, नाहीतर निव्वळ कंटाळ्यापायी, त्यांच्यासाठी संध्याकाळी चालणारे वर्षभराचे पदविका अभ्यासक्रम. कुणी एसी दुरुस्ती शिकतंय, कुणी अकाउंट्स, कुणी बेकरी, कुणी रक्त तपासायच्या लॅबमधलं काम. वयाची अट नाही. एका बाकावर मिसरूड फुटलेलं पोरगं आणि त्याच बाकावर कंपनी बंद पडलेले पन्नाशीचे काका. काकांना पोरगं मोबाइल शिकवतंय आणि काका त्याला वेळेवर यायला शिकवतायत, असं सगळं.

या सगळ्यांची मी समुपदेशक. दारावरची पाटी एवढी लांबलचक होती की खोलीपेक्षा तीच मोठी दिसायची: विद्यार्थी मूल्यमापन, समुपदेशन व मार्गदर्शन केंद्र. खोली म्हणजे पूर्वीची कॅरम बोर्डं ठेवायची जागा. अर्धी कॅरम बोर्डं शेवटपर्यंत तिथेच होती. आमच्या शिपायाला पाटीवरचा एकही शब्द पटत नसे. कुणी पत्ता विचारला की तो सांगायचा, "समजावणीच्या मॅडम ना? जिन्याखाली." पुढे पुढे प्राचार्यसुद्धा मला तेच म्हणायला लागले.

काम काय, तर आलेल्या माणसाला आधी चाचणी द्यायची. कल कुठे आहे, आवड कशात आहे, हात चालतो की डोकं, आकड्यांशी जमतं की माणसांशी. मग त्याच्याशी बोलायचं. मग दोघांनी मिळून ठरवायचं की त्याने काय शिकावं, आणि वर्षभर तो टिकतोय ना इकडे लक्ष ठेवायचं. शेवटचं काम सगळ्यात अवघड. प्रवेश घ्यायला सगळेच येतात हो, पण गणपती-नवरात्रापर्यंत वर्ग पातळ व्हायला लागतो.

चाचणीचं म्हणाल तर लोकांना तिचं भारी अप्रूप. आपल्याकडे कागदावर भविष्य लिहून दिलं की ती पत्रिकाच. आईवडील निकाल हातात घेऊन विचारायचे, यावर काही उपाय असतो का. शीळफाट्याच्या बाजूचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आलेले, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी. निकाल वाचून दाखवला तर गंभीर झाले. म्हणाले, "मॅडम, पोराचा गनित कच्चा लिवलाय. तवरा पक्का लिवून द्या नं." मी म्हटलं, मी लिहून काय होणार, त्याला यायला नको का? तर म्हणाले, तुम्ही लिवला की तो मानंल. आणि गंमत बघा, माणूस अगदीच चुकीचं बोलत नव्हता. त्या पोराला आजवर कुणी 'तुला येतं' असं म्हटलेलंच नव्हतं. मी निकाल बदलला नाही, पण दर आठवड्याला त्याला बोलावून 'मागच्या वेळेपेक्षा बरं आहे' एवढं मात्र न चुकता म्हणत राहिले. आज त्याचं स्वतःचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो माझ्या घरचा एसी वेळेवर दुरुस्त करत नाही. विद्यार्थी मोठा झाल्याची हीच खूण.

आता मोदकांकडे येते.

पुस्तकात लिहिलेलं असतं की समुपदेशकाने गरज पडल्यास गृहभेट द्यावी. पुस्तक लिहिणारा डोंबिवलीत राहिलेला नसणार. इथे कॉलेजातून बाई घरी आली की पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत दारं किलकिली होतात. मुलगी पळून गेली की काय? पोरगा नशा करतो की काय? मी सुरुवातीला दोन-तीन घरी अशी गेले आणि त्या घरांनी मला पाण्याचा ग्लास देऊन, चहासुद्धा न विचारता, दारातूनच वाटेला लावलं. रागावण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्या अब्रूवरच घाला घालत होते.

मग एका भाद्रपदात सहज एका मुलाच्या घरी दर्शनाला गेले आणि डोकं लख्ख झालं. गणपतीत कुणालाही कुणाच्याही घरी जाता येतं! 'दर्शनाला येऊन जाते' म्हटलं की दार उघडतं. तुम्ही कोण, कुठल्या, कशाला आलात, कुणी विचारत नाही. उलट आत बोलावून बसवतात, खिरापत हातावर ठेवतात, आणि आरतीची वेळ असली तर ताम्हनसुद्धा हातात देतात. घरात कोण कोण आहे, कोण कुणाशी बोलत नाही, पोरगं कुठे अभ्यास करतं, सगळं बसल्या जागी दिसतं.

तेव्हापासून मी माझ्या वर्षभराच्या गृहभेटी त्या दहा दिवसांत उरकायला लागले. दीड दिवसवाले आधी, मग पाच दिवसांचे, मग गौरींबरोबर जाणारे, अनंतचतुर्दशीवाले सावकाश. माझे नियम ठरलेले. आधी मूर्तीला नमस्कार, मग आराशीचं कौतुक. आरास फार बरी नसली तरी कौतुक. कॉलेजचा विषय आपण काढायचा नाही. 'मी कॉलेजात असते' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. प्रसाद खाऊन होईतो घरचंच कुणीतरी विषय काढतं. नेहमी काढतं. वर्गात रोज डुलक्या काढणारा एक मुलगा होता, मी त्याच्यावर चिडून होते. त्याच्या घरी गेले तर मखराला लागूनच आजोबांची खाट. रात्रभर त्यांना कूस बदलायला मदत करायचं काम या मुलाचं. कुणी मला सांगितलं नाही, मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्याला मागच्या बाकावर झोपायची मुभा दिली आणि मित्राला त्याच्यासाठी टिपणं काढायला लावली.

सगळीकडे जमलं असं नाही. कळव्याची एक मुलगी, बेकरीच्या वर्गात पहिली यायची. तिच्या घरी दोन वर्षं दर्शनाला गेले, दोन्ही वेळा छान स्वागत झालं, दोन्ही वेळा वडील हसत हसत विषय टाळत राहिले, आणि तिसऱ्या वर्षी ती दुसऱ्या गावी सासरी होती. अजून कुठे चांगला केक खाल्ला की ती आठवते.

पण आज सांगायचंय ते वैशालीचं.

वैशाली आली तेव्हा चाळिशीला टेकलेली. माहेर कल्याण, सासर डोंबिवली, बारावी सायन्स होऊन लगेच लग्न, मुलगा नववीत. तिला लॅब सहायकाचा अभ्यासक्रम हवा होता. हाच का, विचारलं तर म्हणाली की सासरे आजारी होते तेव्हा रक्त घ्यायला घरी एक मुलगी यायची. पंचविशीची असेल नसेल. पेटी उघडायची, हातमोजे चढवायची, आणि घरातले सगळे तिचं ऐकायचे. "मॅडम, ती म्हणाली, काका उपाशी आहेत, चहा ठेवा, तर आमच्या सासूबाई ताडकन उठल्या. मी वीस वर्षं त्या घरात आहे. माझ्या सांगण्यावरून कुणी खिडकीसुद्धा लावत नाही."

हे सांगताना ती हसत होती. मला मात्र हसू येईना.

बोटांच्या चपळाईची आमच्याकडे एक चाचणी असते, भोकांच्या पाटीत बारीक पिना लावायच्या. वैशालीने ती इतक्या झटकन केली की मी पुन्हा करून घेतली. दिवाळीनंतरच्या तुकडीत प्रवेश झाला. पण अडचण होती ती सासूबाईंची. सुनंदाताई शिकलेल्या, शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या, पण घर म्हणजे घर, सुनेने संध्याकाळी घरात असावं, दिवा तिने लावावा, हा शब्द पक्का. वैशालीच्या नवऱ्याला, महेशला, सगळं मान्य होतं, फक्त आईसमोर बोलणं मान्य नव्हतं. मग नवराबायकोने मिळून एक तोडगा काढला. वैशालीने सांगितलं की माहेरच्या आळीत भजनी मंडळ आहे, आठवड्यातून चार संध्याकाळी तिथे जाईन म्हणते.

सुनंदाताई खूश! गुडघ्यांमुळे त्यांचं स्वतःचं भजन सुटलेलं. आपल्या घरातून कुणीतरी देवाच्या नावाने बाहेर पडतंय याचा त्यांना इतका आनंद झाला की दिवा त्यांनीच लावायला घेतला, कुकर त्यांनीच लावायला घेतला, आणि अख्ख्या सोसायटीत सांगत सुटल्या की आमची वैशाली भजन शिकतेय हो.

मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अगं बाई, दुसरं काही नाही सुचलं? शिवणाचा क्लास म्हणायचं होतंस. तर म्हणाली, शिवणाचा क्लास असता तर त्यांनी ब्लाउज शिवायला दिले असते.

वर्ष सरत आलं. वैशाली वर्गात वरच्या तिघींत. पण अभ्यासक्रमाचा शेवट असा की दोन महिने रुग्णालयाच्या लॅबमध्ये रोज सकाळी सातपासून काम करायचं, ठरलेल्या संख्येने रुग्णांचं रक्त स्वतःच्या हाताने घ्यायचं, तेव्हाच प्रमाणपत्र. आम्ही ठाण्याच्या एका रुग्णालयाशी बोलून ठेवलेलं. सकाळी सातला कुठलंही भजनी मंडळ दोन महिने रोज भरत नाही. घरी सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि सांगितलं नाही तर वर्ष पाण्यात.

वैशाली रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. गणपतीनंतरच्या सोमवारी रुग्णालयात हजर व्हायचं होतं. शेवटी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही घरी या ना दर्शनाला. तुम्ही समोर असलात की सांगेन मी. मी म्हटलं, येईन, पण माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही. ते तुझं तू सांगायचं. तिने मान डोलावली, पण तिचा विश्वास बसला होता असं मला वाटलं नाही.

गेले. घर नीटनेटकं, आरास कागदी फुलांची, सुनंदाताईंनी स्वतः बसून केलेली. मी नियमाप्रमाणे कौतुक केलं, तेव्हा मात्र ते अगदी मनापासून होतं. घर माणसांनी भरलेलं होतं, शेजारीपाजारी, महेशची मावशी, सोसायटीतल्या चार-पाच बायका. आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली. मी मनात म्हणतेय की आता पांगापांग होईल, मग वैशाली सासूबाईंना आत नेईल आणि सांगेल. तर सुनंदाताईंनी सगळ्यांना हाताने खाली बसायची खूण केली आणि वैशालीच्या हातात टाळ दिले.

"बसा बसा. आज आमच्या वैशालीचं भजन ऐकायचंय. वर्षभर जातेय. मी म्हटलं, बाप्पापुढेच पहिल्यांदा होऊ दे."

महेश पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेला आणि परत आलाच नाही. वैशाली टाळ धरून उभी. तिने माझ्याकडे बघितलं.  मी गणपतीकडे बघत बसले.

"आई, मला भजन येत नाही," वैशाली म्हणाली.

बायका हसल्या. लाजतेय, म्हणाल्या. लाजू नकोस गं, आपलीच माणसं आहेत.

"लाजत नाहीये. मी भजनाला जातच नव्हते. मी कॉलेजला जाते. रक्त तपासायचं शिकतेय. येत्या सोमवारपासून ठाण्याला जायचंय, दोन महिने, रोज सकाळी." मग जरा थांबून म्हणाली, "मी तुमच्याशी वर्षभर खोटं बोलले. बाप्पापुढे परत खोटं बोलवत नाही मला."

 सुनंदाताईंनी तिच्या हातातले टाळ काढून घेतले, जागेवर ठेवले, आणि पाहुण्यांना म्हणाल्या, प्रसाद घ्या. आवाजात काहीही नाही. लोकांनी प्रसाद घेतला आणि इतक्या भराभर चपला शोधल्या की दोघींच्या चपला अदलाबदल झाल्या.

मी शेवटी निघाले. सुनंदाताई दारापर्यंत आल्या. मी त्याच कॉलेजातली, हे त्यांनी तोवर ओळखलेलं होतं.

"तुम्ही दर्शनाला आला होतात, की हिला घेऊन जायला?"

मी म्हटलं, दोन्हीसाठी आले होते. खोटं बोलायची हिंमत त्या घरात आता कुणाचीच नव्हती.

त्यांनी चौकट धरली. मग म्हणाल्या, "मी नाहीच म्हटलं असतं. ते तिला बरोबर ठाऊक होतं. पण अहो, मी माणसं बोलावली होती हो तिचं ऐकायला. हौसेने बोलावली होती." आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापरा झाला. मला एकदम त्यांची दया आली. तोवर मी त्यांना नुसती अडचण समजत होते, फसवली गेलेली बाई म्हणून मी त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं. मी काहीतरी बोलणार तोच त्यांनी विचारलं, सोमवारी किती वाजता निघायचंय तिला? सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

सोमवारी वैशाली रुग्णालयात हजर. हातात डबा. सासूबाईंनी पहाटे उठून भरला, ओट्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता देवपूजेला बसल्या, असं तिने सांगितलं. त्यानंतर रोज डबा मिळत होता, पण बोलणं बंद. काही सांगायचं असलं तर नातवामार्फत. तुझ्या आईला म्हणावं कपडे वाळलेत. तुझ्या आईला म्हणावं उद्या पाणी येणार नाही. वैशाली म्हणायची, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तशात दुसरंच संकट. पहिल्याच आठवड्यात वैशालीने एका रुग्णाच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, सुई टोचली, शीर सापडली नाही, आणि तो माणूस असा ओरडला की बाहेरची रांग उठून उभी राहिली. चूक मोठी नव्हती, शिकताना सगळ्यांची होते. पण त्या दिवसापासून वैशालीच्या हाताला कंप सुटला. पिनांच्या पाटीवर विजेसारखी चालणारी बोटं जिवंत कातडीवर थरथरायला लागली. चाचणीत हे कुठे मोजतात? मोजत नाहीत. तिथल्या मुख्य तंत्रज्ञांनी तिला नळ्यांवर नावं चिकटवायच्या कामाला लावलं. माणूस चांगला, पण म्हणाला, मॅडम, मी रुग्णांवर जबरदस्ती नाही करू शकत, आणि हिच्यावरही नाही.

महिना सरला. माझ्या पोतडीतलं सगळं वापरून झालं. दीर्घ श्वास, डोळे मिटून सराव, रबराच्या खोट्या हातावर सराव. खोट्या हातावर ती फर्स्ट क्लास. खऱ्या हाताजवळ गेली की घाम. एक दिवस म्हणाली, मॅडम, घरीही नाही जमलं आणि इथेही नाही जमलं, सोडते मी. मी तिला रागावले. रागावल्यावर ती रडली, आणि मी घरी जाऊन स्वतःवर चडफडत बसले. मला कळत होतं की हा आता माझ्या हातातला प्रश्न नाही. कुणाच्या हातातला आहे तेही कळत होतं, पण तिकडे जायचं कुठल्या तोंडाने? गणपती होऊन गेलेले.

पुढच्या आठवड्यात मी भेटीसाठी ठाण्याला गेले होते. रुग्णालयाच्या त्या लॅबमध्ये सकाळी ही गर्दी, उपाशी आलेली माणसं, चेहरे त्रासलेले. वैशाली मागे नळ्या लावत बसलेली. मी मुख्य तंत्रज्ञांशी बोलत होते आणि सहज रांगेकडे लक्ष गेलं तर सुनंदाताई. जिना उतरायला कुरकुरणारी बाई डोंबिवलीहून ठाण्याला आलेली, हातात टोकन. बाहेर एका खांबाआड महेश, दुसरीकडे बघत उभा. वैशालीच्या हाताचं आईला त्यानेच सांगितलं असणार.

त्यांचा नंबर आला. खुर्चीत बसल्या, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली, उपाशीपोटीची साखर. तंत्रज्ञ सुई घेऊन पुढे आला तर त्यांनी हात मागे घेतला.

"तुम्ही नको. ती घेईल," त्या म्हणाल्या आणि मागे बसलेल्या वैशालीकडे बोट दाखवलं.

तंत्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने वैशालीला बोलावलं आणि स्वतः तिच्या शेजारी उभा राहिला. ती पुढे आली. हातमोजे घालताना तिची बोटं दिसत होती मला. महिनाभर ज्या बाईने तिच्याशी थेट शब्द काढला नव्हता, तिच्यासमोर ती स्टुलावर बसली.

सुनंदाताईंनी उजवा हात पुढे केला आणि डाव्या हाताने शेजारी उभ्या असलेल्या माझा हात धरला. मला वाटलं, उगाच आपला आधाराला.

पट्टा बांधला. सुई गेली. रक्त आलं नाही. म्हातारी शीर, सरकली. वैशालीने सुई काढली आणि म्हणाली, "आई, सॉरी, मी सरांना..."

"परत बघ," सुनंदाताई म्हणाल्या. "मला कुठे जायचंय? डबा भरून झालाय."

माझ्या हातावर त्यांची पकड इतकी घट्ट झाली की बांगड्या रुतल्या. तोंडावर मात्र काही नाही. तंत्रज्ञाने हळूच बोटाने जागा दाखवली. वैशालीने नवी सुई घेतली, शीर चाचपली, सावकाश, पुन्हा एकदा चाचपली, आणि टोचलं. नळीत रक्त चढायला लागलं. नळी भरली, तिने सुई काढली.

वैशालीने कापूस दाबून धरला. दुखलं का, असं तिने विचारलं, पण इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं.

सुनंदाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला दिसत होतं, दोन टोचण्यांनी हात लालभडक झालेला तोही दिसत होता. त्या खुर्चीतून उठल्या, मागच्या रांगेकडे वळल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कळलंसुद्धा नाही हो. हात हलका आहे आमच्या वैशालीचा. या, कोण आहे पुढे? बसा."

एक म्हातारे गृहस्थ बिचकत पुढे आले, खुर्चीत बसले आणि बाही वर केली. वैशालीने पट्टा उचलला. तोवर सुनंदाताईंनी माझा हात सोडला नव्हता.